बोर्गुंडचं लाकडी चर्च : जोतं, सांगाडा आणि डांबर

उत्तरवारा

नॉर्वेच्या पश्चिम भागात लेर्दाल खोऱ्यात बोर्गुंड नावाचं खेडं आहे. तिथलं मध्ययुगीन चर्च जमिनीवरच्या दगडांपासून थेट आढ्यावरच्या कोरीव पट्टीपर्यंत लाकडाचं आहे. त्यासाठीची झाडं ११८०-८१ च्या हिवाळ्यात तोडली गेली, हे लाकडाच्या वर्षवलयांवरून सिद्ध झालंय. संत आंद्रियाला अर्पण केलेलं हे चर्च १८६८ पर्यंत गावाचं नेहमीचं उपासनास्थान होतं. अशा चर्चला तिकडे 'स्टावकिर्के' म्हणतात, म्हणजे उभ्या खांबांचं चर्च. नॉर्वेत एके काळी ती हजाराच्या वर होती असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आज त्यातली २८ उरलीत आणि बोर्गुंड सर्वांत कमी बदललेल्यांपैकी एक.

चर्चेला सुरुवात म्हणून रचना सांगतो. मधोमध उंच चौकोनी दालन, त्याला घेरणारे उंच गोल खांब. खांबांच्या बाहेर चारी बाजूंनी कमी उंचीचा पट्टा, त्याला उभ्या फळ्यांची भिंत. पूर्वेला वेदीचं दालन आणि त्यामागे अर्धगोल भाग. या सगळ्याभोवती बाहेरून उघडी पडवी. प्रत्येक भागाला स्वतःचं उतरतं छप्पर असल्यामुळे बाहेरून ते एकावर एक रचल्यासारखं दिसतं. खिडक्या जवळपास नाहीत. वरच्या भिंतीत लहान गोल छिद्रं आहेत, उजेड येतो तो तेवढाच.

माझ्या मते या इमारतीचं खरं कौशल्य कोरीवकामात नाही, पायात आहे. त्यावर माहितगारांनी लिहावं.

तळखडा

पायाबद्दल लिहितो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

या चर्चांच्या आधीच्या पिढीत खांब सरळ जमिनीत पुरत. नॉर्वेतल्याच उर्नेस गावच्या चर्चखाली उत्खननात अशा जुन्या खांबांचे खड्डे सापडलेत. पुरलेला खांब कुठे कुजतो? तळाशी नाही. खोल मातीत हवा कमी, त्यामुळे बुरशीला वाव कमी. तो कुजतो जमिनीच्या पातळीला, वर-खाली वीतभर पट्ट्यात, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. वरचा खांब ठणठणीत असतो आणि घोट्यापाशी भुगा. अशी चर्चं काही पिढ्यांत पडली आणि नवी बांधावी लागली.

बोर्गुंडच्या सुतारांनी खांब जमिनीतून बाहेर काढले. आधी सपाट दगड मांडले. त्यांवर चार जाड तुळया आडव्या-उभ्या ठेवून एकमेकींत खाचून बसवल्या. दोन लांबीच्या दिशेने, दोन रुंदीच्या. त्यांची टोकं चौकोनाच्या बाहेर निघतात. आतले उंच खांब या तुळयांवर उभे राहतात आणि बाहेर निघालेल्या टोकांवर बाहेरच्या भिंतीची बैठकीची तुळई बसते. म्हणजे आतला सांगाडा आणि बाहेरची भिंत एकाच जाळीवर उभी आहे. एखादा दगड खचला तरी भार जाळीतून शेजारच्या दगडांवर जातो.

आपल्याकडच्या वाड्यात सागवानी खांबाखाली तळखडा घालतात तेही ओल खांबात चढू नये म्हणूनच. फरक असा, की आपला खांब तळखड्यावर एकटा उभा असतो आणि त्याला वरून तुळया धरून ठेवतात. तिथे खांब खालूनही बांधलेले आहेत.

कोकणपट्टी

छान माहिती. एक शंका. बाहेरची भिंत उभ्या फळ्यांची आहे, तर फळीचं खालचं टोक बैठकीच्या तुळईच्या खाचेत बसत असणार. पाणी भिंतीवरून ओघळून त्याच खाचेत साठणार. फळीचं आडवं कापलेलं टोक पाणी शोषून घेतं, हे कुठलाही सुतार सांगेल. मग ती कुजत कशी नाही?

तळखडा

कुजते. बरोबर बोट ठेवलंत. स्टावकिर्केच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त बदलावी लागते ती बैठकीची तुळईच. बोर्गुंडला दोन गोष्टींनी वाचवलं. एक म्हणजे ती बाहेरची पडवी. तिचं छप्पर मुख्य भिंतीच्या पायावर पाऊस येऊ देत नाही आणि जमिनीवरून उडणारे शिंतोडे पडवीच्या बाहेरच्या कठड्यावरच थांबतात. म्हणजे जो भाग कुजणार तो पडवीचा, आणि तो मुख्य सांगाड्याला हात न लावता बदलता येतो.

दुसरी गोष्ट फारशी कुणी लिहीत नाही. लेर्दाल खोरं पर्जन्यछायेत आहे. किनाऱ्यावरच्या बर्गन शहरात वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डोंगर ओलांडून लेर्दालपर्यंत येताना ढग बरेचसे रिकामे झालेले असतात. याच बांधणीची कित्येक चर्चं किनाऱ्याकडे गेली आणि हे टिकलं, त्यात हवामानाचा वाटा मोठा आहे.

कडीपाट

सांगाड्याबद्दल थोडं सविस्तर, कारण फोटो पाहून लक्षात येत नाही.

उंच सडपातळ खांबांना खरा धोका वाऱ्याचा असतो. वजन ते सहज पेलतात, पण बाजूने जोर आला की सगळी चौकट समांतरभुजासारखी कलायला बघते. ते थांबवायला बोर्गुंडला तीन उपाय एकावर एक रचलेत.

पहिला उपाय मधल्या उंचीवरच्या जोडतुळयांचा. खांबाच्या आतून एक आणि बाहेरून एक अशा दोन आडव्या तुळया खांबाला चिमट्यात धरतात. अशा चिमट्याच्या दोन ओळी आहेत, एक खाली, एक वर.

या दोन ओळींमधल्या चौकोनांत फुलीसारखे तिरपे लाकूड बसवलेत. यांना संत आंद्रियाचा क्रूस म्हणतात. ती निव्वळ सजावट आहे असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं, ते मला पटत नाही. तिरप्या लाकडाने चौकोनाचे त्रिकोण होतात आणि त्रिकोण कलत नाही. फुली काढली तर तो पट्टा लगेच सैल होईल.

आणि खांब व तुळई यांच्या कोपऱ्यांत वाकडे टेकू. हे मला सर्वांत आवडतात. सरळ लाकडातून वक्र तुकडा कापला तर रेषा मध्येच तुटतात आणि तो तिथूनच फुटतो. म्हणून हे टेकू झाडाचं खोड जिथे मुळाला वळतं त्या भागातून काढलेत. तिथे रेषाच वळणदार असतात, त्यामुळे टेकूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकही रेषा तुटत नाही. नॉर्वेचे होडी बांधणारे कारागीर हेच करत आले होते.

छपरात वासे कात्रीसारखे एकमेकांना छेदतात आणि त्यांना आडवी तुळई बांधते. उतार फार तीव्र आहे. बर्फ साचून राहिला तर वजनाने वासे बाहेर ढकलले जातात, म्हणून तो घसरून पडलाच पाहिजे.

जोड लाकडी खुंट्यांचे, कुसू आणि खोबणीचे. लोखंडी खिळा ओलसर लाकडात गंजतो आणि आजूबाजूचं लाकूड खातो. शिवाय लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं, खिळा तसाच राहतो आणि भोक मोठं होत जातं. लाकडी खुंटी लाकडाबरोबरच हलते.

कोकणपट्टी

कडीपाट, भिंतीच्या फळ्या एकमेकींत कशा बसवल्यात?

कडीपाट

प्रत्येक फळीच्या एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला जीभ. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत. खाली बैठकीच्या तुळईत खाच, वर भिंतीच्या माथ्यावरच्या तुळईत खाच, दोन्ही बाजूंना कोपऱ्याचे जाड खांब. फळी सगळ्या बाजूंनी पकडलेली, पण कुठेही ठोकलेली नाही. सुकून आकसली तरी फट पडत नाही, जीभ खाचेत थोडी सरकते एवढंच. कोपऱ्याचा खांब खालच्या तुळयांच्या जोडावर वरून बसतो, म्हणजे कोपऱ्यातला जोड खांबाखाली झाकलेला राहतो.

एवढं महत्त्व कोपऱ्याच्या खांबाला होतं, की पश्चिम नॉर्वेच्या जुन्या गुलातिंग कायद्यात त्यासाठी कलम आहे: चर्चचे कोपऱ्याचे खांब पडले तर बारा महिन्यांच्या आत नवं लाकूड जागेवर आणून टाकायचं.

उत्तरवारा

लाकडाच्या निवडीबद्दल. हे सगळं पाइनचं आहे. भारतात पाइन म्हटलं की खोक्यांचं हलकं, पांढरं, वर्षभरात बुरसणारं लाकूड डोळ्यांपुढे येतं. ते पाइन आणि हे पाइन यांत फार अंतर आहे. थंड प्रदेशात, दाट जंगलात हळूहळू वाढलेल्या झाडाची वलयं अगदी जवळजवळ असतात. जुन्या झाडाचा गाभा राळेने भरून तांबूस आणि जड होतो, त्यात पाणी सहजी शिरत नाही. सालीलगतचं फिकट लाकूड मात्र कच्चं. त्यात झाडाचा रस वाहत असतो आणि कीड-बुरशीला तेच हवं असतं. मध्ययुगीन सुतारांनी जिथे पाणी लागणार तिथे ते कच्चं लाकूड तासून टाकलंय. आजच्या दुरुस्तीत सगळ्यांत अवघड काम असतं ते पुरेसा जाड गाभा असलेलं झाड शोधण्याचं. लागवडीच्या जंगलात भराभर वाढवलेल्या झाडात तो मिळत नाही.

छपरावरची कौलंही पाइनचीच, टोकाला निमुळती. इथे एक बारकावा आहे. चांगलं कौल करवतीने कापत नाहीत, ओंडका फोडून काढतात. फोडताना लाकूड रेषेरेषेने सुटतं आणि पृष्ठभागावर रेषा अखंड राहतात. करवत रेषा तिरप्या कापते, नळ्यांची तोंडं उघडी पडतात आणि तिथून पाणी आत ओढलं जातं.

जुन्या लाकडावर कुऱ्हाडीच्या खुणाही वाचता येतात. उजेड बाजूने पाडला की पृष्ठभागावर माशाच्या काट्यासारखी नक्षी दिसते: मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना तिरपे, एकसारखे घाव. ही तासण्याची पद्धत नंतर लोपली होती. नॉर्वेच्या कारागिरांनी या खुणांवरून आणि जुन्या कुऱ्हाडींच्या नमुन्यांवरून ती पुन्हा बसवली आणि आता दुरुस्तीसाठी वापरतात.

राळवाला

डांबराबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून! चर्च काळं दिसतं ते डांबरामुळे, आणि ते रस्त्याचं डांबर नव्हे. रस्त्याचं येतं खनिज तेलातून. हे येतं पाइनच्या बुंध्या-मुळांतून.

काढायची जुनी पद्धत अशी. तोडलेल्या झाडांचे बुंधे काही वर्षं जमिनीत राहू देतात. बाहेरचं कच्चं लाकूड कुजून जातं, राळेने गच्च भरलेला गाभा उरतो. तो खणून बारीक ढलप्यांत फोडतात. उतारावर नरसाळ्याच्या आकाराचा खड्डा करून त्याला आतून बर्चची साल लावतात, तळाला एक नळी बाहेर काढतात. ढलप्या दाटून रचतात, वरून हिरवळीचे ढेकूळ आणि शेवाळाने झाकतात आणि कडेने पेटवतात. आत ज्वाळ होऊ द्यायची नाही, नुसतं धुमसू द्यायचं. उष्णतेने राळ सुटते, तळाला जमते आणि नळीतून पिंपात येते. पूर्ण भट्टी उतरायला काही दिवस लागतात. सुरुवातीला पाणी जास्त येतं, ते वेगळं करावं लागतं.

हे बिघडतं ते हवेमुळे. झाकण कुठे फाटलं आणि हवा शिरली तर आत जाळ होतो आणि डांबर बाहेर येण्याऐवजी जळून जातं. म्हणून भट्टीला रात्रंदिवस पहारा लागतो, भेग दिसली की लगेच ढेकूळ थापायचं.

लावताना डांबर गरम करून पातळ करतात, उकळू देत नाहीत, कारण ते पेट घेतं. लाकूड पूर्ण सुकलेलं आणि उन्हाने तापलेलं हवं, म्हणजे ते डांबर ओढून घेतं. ओल्या लाकडावर लावलं तर ओल आत कोंडते आणि वरून छान काळ्या दिसणाऱ्या फळीखाली कूज सुरू होते. एका हातात जाड थर दिला तर वरची साय सुकते, आतलं ओलंच राहतं, सुरकुत्या पडतात आणि उन्हाळ्यात सगळं ओघळतं. पातळ हात, वरचेवर.

दक्षिणेच्या भिंतीवरचं डांबर सूर्यप्रकाशाने लवकर उडतं आणि लाकूड तपकिरी-लालसर दिसू लागतं. उत्तरेकडे तेच डांबर वर्षानुवर्षं साचून काळी जाड खपली बनते. त्यामुळे चारही भिंतींना एकाच वेळापत्रकाने डांबर लावणं चुकीचं. दक्षिणेला वारंवार, उत्तरेला क्वचित. विसाव्या शतकात कारखान्यातल्या बंद भांड्यात काढलेलं डांबर आलं, तेव्हा ते भट्टीच्या डांबरासारखं टिकत नाही असा अनुभव आला. पुरातत्त्व खात्याला पुन्हा भट्टीच्या डांबराकडे वळावं लागलं.

नंदादीप

आढ्यावरच्या चार ड्रॅगनच्या तोंडांमुळे हे व्हायकिंगांचं मंदिर होतं असं बऱ्याच व्हिडिओंत सांगतात. ते खरं का?

उत्तरवारा

नाही. राजा ओलाफ हाराल्डसन स्टिकलेस्टाडच्या लढाईत पडला १०३० मध्ये आणि लगेच संत मानला गेला. बोर्गुंड त्यानंतर दीडशे वर्षांनी बांधलंय, तोवर देश पुरता ख्रिस्ती झाला होता. वरच्या छपरांच्या टोकांना ड्रॅगन आहेत, पण खालच्या छपरांच्या टोकांना क्रूस आहेत, हे त्या व्हिडिओंत दाखवत नाहीत. आतली रचनाही त्या काळच्या युरोपातल्या दगडी चर्चची आहे: उंच मधला भाग, खांबांची रांग, कमी उंचीची बाजूची पट्टी. दगडातली कल्पना सुतारांनी लाकडात उतरवली.

जुन्या श्रद्धा लोकांच्या बोलण्यातून गेल्या नव्हत्या, हे मात्र तिथेच दिसतं. पश्चिमेच्या दारापाशी थोरिर नावाच्या वाटसरूने रूण लिपीत कोरलंय, की ओलाफच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी इथून जाताना हे लिहिलं. पुढे नॉर्न, म्हणजे जुन्या धर्मातल्या दैव ठरवणाऱ्या स्त्रिया, यांनी बरं-वाईट दोन्ही केलं आणि मला फार कष्ट दिले, अशी तक्रार आहे. चर्चच्या भिंतीवर, ख्रिस्ती सणाच्या आदल्या संध्याकाळी.

कोरीवकामात रस असेल तर उर्नेस पाहा. ते ११३० च्या दशकातलं, पण त्याच्या उत्तरेच्या भिंतीत त्याआधीच्या, साधारण १०७० च्या चर्चचं कोरीव दार जपून बसवलंय. जाळीत गुंतलेले सडपातळ प्राणी, एका शैलीलाच उर्नेसचं नाव मिळालंय. १९७९ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे.

जुनीवाट

हजारातली २८च का उरली, हेही या धाग्यात यायला हवं. कुजणं हे एक कारण झालं, पण सर्वांत मोठा घाला घातला तो १८५१ च्या चर्च कायद्याने. गावाच्या लोकसंख्येच्या तीन-दशांश लोक मावतील एवढं चर्च असलंच पाहिजे असा नियम झाला. जुनी लाकडी चर्चं लहान, अंधारी. एकामागून एक पाडली गेली आणि त्यांचं लाकूड विकलं गेलं. त्याआधी १३४९ च्या प्लेगने लोकसंख्या कोसळली होती आणि नवी बांधणी जवळपास थांबली होती, म्हणजे भर पडतच नव्हती.

वाचवणारे लोकही त्याच काळात पुढे आले. प्राचीन वास्तू जतन करणारी नॉर्वेजियन संस्था १८४४ मध्ये स्थापन झाली. वांग गावचं चर्च तिथे जागेवर वाचवता येईना, तेव्हा चित्रकार डाल यांच्या खटपटीने प्रशियाच्या राजाने ते घेतलं. १८४१ मध्ये ते उतरवून नेलं आणि १८४४ पर्यंत पुन्हा उभं केलं गेलं, आज ते पोलंडमधल्या कार्पाच गावात आहे. गोल नावाच्या गावचं चर्च ऑस्लोच्या बिगदोय भागात हलवलं.

बोर्गुंडला नवं चर्च १८६८ मध्ये शेजारीच बांधलं आणि जुनं तसंच ठेवलं. १८७७ पासून ते वर सांगितलेल्या संस्थेच्या मालकीचं आहे. १८७० च्या दशकातल्या जीर्णोद्धारात नंतरच्या काळातली बाकं, बसायचे सज्जे, छत, खिडक्या काढून टाकल्या. आज आत शिरल्यावर जो मोकळा, अंधारा उंच अवकाश दिसतो तो त्यामुळे. मला हा निर्णय अर्धा चुकीचा वाटतो. सतराव्या-अठराव्या शतकातला थरही इतिहासच होता. १६५४ चं वेदीचित्र ठेवलं हे बरं झालं.

आणखी एक परिणाम: बोर्गुंड एवढं पूर्ण असल्यामुळे गोल आणि फान्टोफ्ट इथल्या चर्चांचं बाह्यरूप पुन्हा रचताना बोर्गुंडकडे पाहून रचलं गेलं. म्हणून सगळीच स्टावकिर्के ड्रॅगनवाली असावीत असा समज झाला.

राळवाला

फान्टोफ्टचं नाव आलंच आहे तर: डांबराने माखलेली ही इमारत म्हणजे मोठी मशाल. बर्गनजवळचं ते चर्च ६ जून १९९२ ला जाळलं गेलं. आग हेतुपुरस्सर लावली होती. १९९७ मध्ये नक्कल पूर्ण झाली. त्यानंतर उरलेल्या चर्चांच्या अग्निसुरक्षेकडे फार गांभीर्याने पाहिलं जाऊ लागलं.

नंदादीप

वर्षवलयांवरून इतका नेमका हिवाळा कसा सांगतात?

कडीपाट

त्यासाठी सालीखालचं शेवटचं वलय शाबूत असलेला तुकडा लागतो. सुतारांनी बहुतेक ठिकाणी ते तासून टाकलेलं असतं, म्हणून छपराच्या आत, न दिसणाऱ्या लाकडांवर शोधावं लागतं. रुंद-अरुंद वलयांचा क्रम त्या प्रदेशाच्या आधीच तयार असलेल्या मालिकेशी जुळवतात. शेवटच्या वलयाची उन्हाळी दाट कड पूर्ण असेल आणि पुढच्या वसंताच्या मोठ्या पेशी नसतील, तर झाड त्या हिवाळ्यात तोडलं. भोक पाडून नमुना काढणं टाळायचं असेल तर टोकाचे अगदी जवळून फोटो घेऊन वलयं मोजतात. कच्चं लाकूड राहू नये म्हणून तासलेल्या तुकड्यावरून मात्र फक्त 'या वर्षानंतर कधीतरी' एवढंच कळतं.

तळखडा

दुरुस्तीबद्दल शेवटचं लिहितो. नॉर्वेच्या पुरातत्त्व खात्याने २००१ ते २०१५ या काळात सर्व २८ चर्चांची पद्धतशीर दुरुस्ती केली. कुजलेली बैठकीची तुळई बदलायची तर आधी वरचा भार जॅकवर घेतात, अगदी थोडा थोडा उचलत, कारण शतकानुशतकं एका बाजूला कललेली चौकट एकदम सरळ केली तर वरचे जोड फाटतात. कललेली चौकट कललेलीच ठेवतात, फक्त पुढे कलू देत नाहीत. तुळई पूर्ण काढत नाहीत. कुजलेला भागच कापून तिथे त्याच जातीचं, रेषेची दिशा जुळणारं नवं लाकूड तिरप्या सांध्याने जोडतात. सांधा असा उतरता कापतात की पाणी बाहेर वाहून जाईल.

आणि पुष्कळदा कुजण्याचं कारण लाकडात नसतंच. चर्चच्या अंगणात शतकानुशतकं दफनं झाली, माती वर चढत गेली आणि दगड गाडले गेले. ज्या तुळईला वारा लागायला हवा तिला माती टेकली. तिथे नवी तुळई घालून उपयोग नाही, आधी भोवतालची माती उतरवायची आणि दगड उघडे करायचे.

कोकणपट्टी

धन्यवाद सगळ्यांना. नॉर्वेत राहणाऱ्यांसाठी: ऑस्लो-बर्गन ई-१६ रस्त्याने जाताना लेर्दालमध्ये वळून जाता येतं ना? आणि बघताना काय चुकवू नये?

उत्तरवारा

हो, ई-१६ पासून जवळच आहे. चर्च आतून उन्हाळ्याच्या हंगामातच उघडं असतं, निघण्यापूर्वी वेळ तपासा. आत डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा, मग वरच्या फुल्या आणि टेकू दिसू लागतात. बाहेर आधी पडवीत वाकून बैठकीच्या तुळया आणि त्याखालचे दगड बघा, नंतर दक्षिणेची आणि उत्तरेची भिंत लागोपाठ बघा, डांबराचा फरक लगेच कळेल. दक्षिणेला थोडं बाजूला तेराव्या शतकातला स्वतंत्र घंटामनोरा आहे. नॉर्वेत याच उभ्या खांबांच्या पद्धतीचा तेवढा एकच उरलाय, आणि बहुतेक लोक चर्चचा फोटो काढून त्याच्याकडे न बघता परत जातात. वेळ असेल तर चर्चमागून विंधेल्लाच्या जुन्या घाटरस्त्याने थोडं चढा. वरून एकावर एक रचलेली छपरं एकदम दिसतात.